राणीच्या रस्त्यावरचं जेवण

कोलकात्यात पावसाचं पाणी नदीकडे धावत नाही, नदीकडे पाठ फिरवून पूर्वेला जातं. हुगळीने हजारो वर्षं गाळ टाकून टाकून आपलाच काठ उंच करून ठेवलाय, त्यामुळे शहराचा उतार नदीपासून आत, पूर्वेच्या दलदलीकडे. इंग्रजांनी १८७०च्या दशकात जमिनीखाली विटांची गटारं बांधली तीही याच उताराने, आणि तासाला साधारण ६ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने. श्रावणातली एक दणकट सर तेवढं पाणी काही मिनिटांत ओतून मोकळी होते. त्यातून हुगळीला भरती असली तर नदीकडची झडपं बंद ठेवावी लागतात, नाहीतर नदीच गटारांतून शहरात शिरायची. मग पाणी रस्त्यावर तुंबतं आणि माणसं असतील तिथे अडकतात.

आई आणि मी अडकलो ते सडर स्ट्रीटच्या आतल्या एका गल्लीतल्या जुन्या हॉटेलात. आईला दक्षिणेश्वरचं कालीचं देऊळ बघायचं होतं. नागपूरहून हावड्याला पोचलो तेव्हाच आभाळ काळं झालं होतं, आणि रात्रीत जो पाऊस लागला तो सकाळी उठून बघते तर गल्लीचा ओढा झालेला. कधीकाळी कुणा साहेबाचं घर असावं असं ते हॉटेल. छताला लांबलचक दांड्यावर लोंबणारा पंखा, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, त्यांना हिरवी पट्ट्यापट्ट्यांची दारं. पट्ट्या अर्ध्या उघड्या ठेवल्या की वारा आत येतो आणि पाऊस बाहेर राहतो. मला ती खिडकी इतकी आवडली की पहिला दिवस मी बराचसा तिच्यापाशीच काढला. खालून हातरिक्षा जात होत्या. गुडघाभर पाण्यात तो एक माणूस दोन दांड्या धरून ओढतोय, वर शाळेची दोन मुलं पाय पोटाशी घेऊन बसलीत. त्या पाण्यात टॅक्सी बंद पडल्या होत्या, बस बंद होत्या, फक्त ही माणसं चालू होती. बघताना घशात काहीतरी दाटून येत होतं आणि तरी नजर हटत नव्हती.

दुपारी तळमजल्यात पाणी शिरलं म्हणून हॉटेलवाल्यांनी मेन स्विच पाडला. बाहेरून जेवण मागवायचा प्रश्नच नव्हता. मॅनेजर वर आला. पन्नाशीचा, धोतरासारखी गुंडाळलेली लुंगी, हातात टॉर्च. म्हणाला, पाहुण्यांचं स्वयंपाकघर बंद ठेवलंय, पण आमच्या माणसांसाठी खिचुडी टाकलीय, माशीमांना चालेल का? कोलकात्यात पाऊल ठेवल्यापासून आई सगळ्यांची माशीमा, म्हणजे मावशी झाली होती. आईने आधी तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. कांदा-लसूण आहे का त्यात? चातुर्मासात ती खात नाही. आणि मासे-मटण तर बाबा गेल्यापासून तिने सोडलंच. कुणी सांगितलं नव्हतं, एक दिवस तिनेच ठरवलं. मॅनेजर म्हणाला, पावसाची खिचुडी आहे माशीमा, देवाला दाखवतात तशीच, कांदा कसला?

मी त्याच्याबरोबर खाली गेले. स्वयंपाकघर दोन पायऱ्या वर होतं म्हणून वाचलं होतं. मेदिनीपूरचा एक आचारी गॅसच्या शेगडीवर कोरडी मूगडाळ भाजत होता. मी आयुष्यभर मुगाची खिचडी खाल्लीय पण डाळ इतकी भाजलेली कधी पाहिली नव्हती. पिवळी डाळ तांबूस होईपर्यंत, आणि तिचा खरपूस वास त्या ओल्या, कोंदट तळघरी वासावर मात करेपर्यंत तो परतत राहिला. मग ती धुतली. तांदूळ गोविंदभोग, आपल्या आंबेमोहोरासारखा आखूड, वासाचा. तेलात तमालपत्र, जिरं, सुकी मिरची, वरून किसलेलं आलं, हळद, जिऱ्याची पूड, बटाट्याच्या मोठ्या फोडी, फ्लॉवर नव्हता म्हणून नाही. शेवटी गरम मसाला आणि तूप, चमचाभर साखर. सोबत वांग्याचे जाड काप हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात तळलेले, आणि पापड. बाकीच्यांना अंड्याचं ऑम्लेट. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही सगळे, हॉटेलचे नोकर, एक बांगलादेशातून दवाखान्यासाठी आलेलं कुटुंब, आई आणि मी, एकाच खोलीत बसून जेवलो. सैलसर, ओतता येईल अशी खिचुडी. आईने दुसऱ्यांदा मागून घेतली. तिला मी परक्या घरी दुसऱ्यांदा मागताना फारसं पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास उघडीप झाली. रस्त्यावरचं पाणी उतरलं होतं, घोट्यापर्यंत राहिलं होतं. मॅनेजरनेच सांगितलं, दक्षिणेश्वरला आज जाऊ नका, जेवायला मात्र जानबाजारला जा. रानी रासमणी रोडवर सिद्धेश्वरी आश्रम आहे. आश्रम हे नाव ऐकून आई खूश झाली. ते आहे पाइस हॉटेल.

पाइस हॉटेल ही कोलकात्याची खास चीज. एका रुपयात चौसष्ट पैसे असण्याच्या काळात, म्हणजे १९५७ साली दशमान नाणी आली त्याच्याही आधी, दोन-चार पैशांत पोटभर भात देणारी ही घरं उघडली. बंगालच्या खेड्यांतून कोलकात्यात कारकुनी करायला, शिकायला, छापखान्यात खिळे जुळवायला माणसं येत. मेसमध्ये एका खोलीत चौघं-पाचजण राहत. त्यांना घरच्यासारखं आणि परवडेल असं जेवण हवं होतं. कॉलेज स्ट्रीटजवळच्या भवानी दत्त लेनमधलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल असंच. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना सुभाषबाबू तिथे जेवायचे असं ते लोक अभिमानाने सांगतात, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर हॉटेलच्या नावात स्वाधीन भारत आलं. आपल्या गिरणगावातल्या खानावळी याच गरजेतून उभ्या राहिल्या. तिथे बायका आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत गिरणीकामगारांना जेवू घालत. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं. त्या खानावळींबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच पाइस हॉटेलची एक रीत मला फार मोलाची वाटली. इथे थाळी नसते. भाताचे वेगळे, डाळीचे वेगळे, भाजीचे वेगळे, लिंबाच्या फोडीचे वेगळे पैसे. केळीच्या पानाचेसुद्धा पैसे लावायची पद्धत होती. वरवर हे कंजूषपणाचं वाटेल. पण खिशात थोडेच पैसे असलेला माणूसही इथे ताठ मानेने बसू शकतो. भात, डाळ आणि एक भाजी मागवून उठला तर कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. त्याच्याच टेबलावर समोरचा माणूस इलिश मासा, कोळंबी आणि दही घेऊन बसलेला असतो, आणि दोघांना वाढणारा हात एकच असतो. गरिबाला वेगळ्या खोलीत न बसवता त्याच्या ऐपतीने जेवू देणारी याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

खडूने लिहिलेला फळा. मला बंगाली वाचता येत नाही, पण वाचायची वेळच आली नाही. वाढपी येऊन उभा राहिला आणि त्या दिवशीचा सगळा बाजार त्याने एका दमात म्हणून दाखवला. पाइस हॉटेलात सकाळी बाजारात जे चांगलं दिसेल ते आणतात, त्या दिवशीच शिजवतात, आणि संपलं की फळ्यावरून पुसतात. इलिश होता. पाऊस असल्यावर तो असायचाच. हा समुद्रातला मासा पावसाळ्यात अंडी घालायला नदीत चढतो. हुगळीत, रूपनारायणात, तिकडे पद्मेत. प्रवाहाच्या उलट पोहत गोड्या पाण्यात येतो. खाऱ्या पाण्यातून नुकता आलेला आणि गोड्या पाण्यात काही काळ पोहलेला यांच्या चवीत फरक असतो आणि तो फरक सांगणारी माणसं बंगालमध्ये घराघरांत आहेत.

टेबलं एकत्र, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या समोर एक आजोबा बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, ओली छत्री खुर्चीला टांगलेली. त्यांनी माझ्या पानातल्या इलिशकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, आधी नुसता भात घे, त्यावर तळणीतलं तेल घे, आणि मीठ. मासा नंतर. मी तसं केलं. इलिशच्या अंगच्या तेलात तो तळला जातो आणि ते तेल भातावर घालून खातात हे मला ठाऊक नव्हतं. नुसतं तेल, भात, हिरवी मिरची. पहिल्या घासाला मी डोळे मिटले असणार, कारण आई म्हणाली, अगं, काटे आहेत, बघून खा नं.

काटे म्हणजे इलिशची परीक्षा. केसासारखे बारीक, टोकाला दुभंगलेले, मांसाच्या प्रत्येक थरात दडलेले. आजोबांनी दाखवलं. घास भातात कालवायचा नाही. मासा बोटांच्या टोकांनी, धाग्याच्या दिशेने सोडवायचा, अंगठ्याने चाचपायचा, काटा जाणवला की पानाच्या कडेला. तोंडात गेलाच तर जिभेने गालाशी आणायचा, घाई करायची नाही. मोहरीचा झणका नाकात जातो, खालून माशाचा स्निग्धपणा येतो, आणि काट्यांमुळे तुम्हाला हळूच खावं लागतं. इतकं लक्ष देऊन मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते. मागून आलेला कविराजी झोल म्हणजे आजाऱ्याच्या पथ्याचा वाटावा असा पातळ रस्सा, कच्ची केळी आणि पपई घातलेला. वैद्याने सांगितलेल्या पथ्यातून तो आला म्हणतात. त्यातला मासा बहुधा तळ्यातलाच, रोहू किंवा कतला.

आणि त्या तळ्यांबद्दल मला सांगायचंच आहे, कारण त्या पावसात माझ्या डोक्यात ते सारखं येत होतं. शहराचं सांडपाणी आणि तुंबलेलं पाणी पंपांनी उपसून पूर्वेला सोडतात, तिथे साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ जमीन आहे. त्यातल्या तळ्यांना भेडी म्हणतात. ऊन, शेवाळ आणि मासे मिळून ते घाण पाणी साफ करतात. मासे वाढतात, कडेच्या शेतात भाजी पिकते, आणि हे सगळं पुन्हा शहराच्या बाजारात येतं. मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली ही व्यवस्था जगाच्या नजरेला आणली ध्रुबज्योती घोष या इंजिनियरने. १९८०च्या दशकात शहराचं सांडपाणी नेमकं जातं कुठे याचा शोध घेत ते तिथे पोचले आणि मग उभा जन्म त्या पाणथळीसाठी झगडले. २००२ साली तिला रामसरचा, म्हणजे पाणथळ जागांसाठीचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. २०१८ साली ते गेले. आता तिथे भराव पडतोय, इमारती चढताहेत. काल गल्लीत थांबलेलं पाणी ज्या जमिनीने गिळायचं, तीच बुजवली जातेय, हे आठवून त्या साध्या रश्श्याचा घास घेताना मन कासावीस झालं.

आई मात्र वेगळ्याच जगात होती. तिच्या पानावर शुक्तो आलं होतं. बंगाली जेवण कडूने सुरू होतं. कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, वांगं, रताळं, तळलेल्या डाळीच्या वड्या, आणि वरून दूध. कारल्यात दूध. आईने एक घास घेतला आणि थांबली. पुन्हा घेतला. मग आली मोचार घोंटो, केळफुलाची सुकी भाजी. केळफूल सोलायला किती वेळ लागतो, प्रत्येक फुलातला तो कडक दांडा काढावा लागतो, बोटं काळी होतात, हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ती दोन बोटांनी, सावकाश, आदराने खाल्ली. मग धोकार डालना. वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीच्या वड्या तळून रश्श्यात सोडलेल्या. ‘अगं, ही तर आपली पाटोडी!’ आई मोठ्याने म्हणाली. विदर्भातल्या बाईला परमुलखात पाटोडी-रस्सा भेटला की तिला माहेर भेटतं.

यातल्या एकाही पदार्थात कांदा नव्हता, लसूण नव्हता. आईने कौतुकाने विचारलं, इथे सगळेच चातुर्मास पाळतात का? आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, हे आमच्या विधवांचं जेवण आहे.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण माशीमा म्हणून हाक मारणाऱ्या माणसाने ते माझ्या आईला, भर पंगतीत, खाली मान घालून सांगणं वेगळं होतं. त्यांची एक आत्या नवव्या वर्षी विधवा झालेली, तिला आजी सांभाळायची. मासा बंद. कांदा-लसूण बंद. मसुराची डाळ बंद, कारण ती तामसी. मायाळूची भाजीसुद्धा बंद. भात दिवसातून एकदा. एकादशीला पाण्याचा थेंब नाही, जेठातल्या उकाड्यातही. आणि घरातल्या सगळ्यांसाठी मासा शिजतोय तोही तिच्या नाकासमोर. अशा बायकांनी वेगळ्या चुलीवर, त्यांना जे काही उरलं होतं त्यातून स्वयंपाक केला. केळीचं फूल, केळीचा गाभा, दुधीची सालं, भोपळ्याची पानं. कांद्याच्या जागी हिंग, आलं-जिरं. आजोबा म्हणाले, आत्याच्या हातच्या सालींच्या भाजीसाठी आम्ही पोरं आईच्या हातचा मासा टाकून तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचो.

ज्यांच्याकडून सगळं काढून घेतलं त्यांनी बंगालला त्याची सर्वांत नाजूक चव दिली. हे वाक्य लिहिताना मला राग येतो आणि तो तसाच राहू दे. त्या चवीचं कौतुक करताना ती कशातून आली हे विसरणं मला जमणार नाही. याच शहरात संस्कृत कॉलेजचे प्राचार्य असलेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी शास्त्रं धुंडाळून, शिव्या खाऊन, १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा करून घेतला. कायदा झाला तरी चूल वेगळीच राहिली, पिढ्यान्‌पिढ्या.

आईने पानावरचा शेवटचा घास संपवला. ती म्हणाली, ‘मी सोडलं ते माझं मी सोडलं. यांना सोडायला लावलं.’ मग वाढप्याला खूण करून तिने पुन्हा शुक्तो मागवलं.

वातावरण सैल करायला आजोबांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? आईने सांगितलं, नागपूरच्या. ते हसले. म्हणाले, अरे, म्हणजे बर्गी! मग त्यांनी हात जोडले, माफ करा म्हणाले, आणि आईला उमजेना काय झालं ते. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून पुढची आठ-नऊ वर्षं नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार बंगालवर चालून येत राहिले. दिवाण भास्करराम कोल्हटकर, तिकडे भास्कर पंडित म्हणतात, यांनी काटव्याजवळ दाईंहाटला दुर्गापूजाही मांडली होती. ती पुरी व्हायच्या आत बंगालचा नवाब अलिवर्दीखान याचा हल्ला झाला. पुढे १७४४ साली बोलणीसाठी बोलावून त्याने पंतांना ठार केलं. शेवटी १७५१ साली ओरिसा आणि सालाची बारा लाखांची चौथाई ठरली. हे आमच्याकडे इतिहासात शौर्य म्हणून येतं. आजोबा वर्धमान जिल्ह्यातले. त्यांच्याकडे ते अंगाईत येतं. बाळ झोपलं, पाडा शांत झाला, बर्गी आले, पाखरांनी भात खाल्ला, आता सारा कशाने भरायचा, अशा अर्थाची ती अंगाई बंगालमध्ये अजून म्हणतात. त्यांनी ती हळू आवाजात म्हणून दाखवली. चाल गोड आहे. शब्द कळायला वेळ लागला नाही.

कोलकाता शहराने तर मराठ्यांच्या भीतीने खंदकच खणायला घेतला होता, १७४२ मध्ये. सात मैलांचा बेत, तीनेक मैल खणून झाले, आणि मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बराचसा बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे. आम्ही ज्या टॅक्सीने स्टेशनवरून आलो ती कदाचित त्या बुजवलेल्या खंदकावरूनही गेली असेल.

आई बराच वेळ काही बोलली नाही. नागपूरच्या महाल भागात, भोसल्यांच्या वाड्याशेजारी तिचं माहेर. तिने मला हळूच विचारलं, ‘खरं आहे का हे? भात जाळले आपण यांचे?’ मी हो म्हटलं. गावं जाळल्याची, लोकांना छळल्याची वर्णनं त्या काळच्या बंगाली लिखाणात आहेत आणि ती खोटी म्हणायला मला तरी जागा दिसत नाही. आईने आजोबांकडे पाहून हात जोडले. ते एकदम अवघडून गेले, नको नको करायला लागले, आणि अवघडलेपणातून सुटायला त्यांनी वाढप्याला हाक मारून आईसाठी आलू पोस्तो मागवला, ‘पैसे माझ्या नावावर’ असं त्याला सांगून.

खसखस वाटून त्यात शिजवलेला बटाटा. पांढरट, मऊ, मोहरीच्या तेलाचा किंचित वास. त्यांच्या वर्धमान, बांकुडा, बीरभूम भागाचा तो जीव की प्राण. कंपनी सरकारने अफूसाठी खसखस पिकवली, चीक गेला, बी मागे राहिलं, आणि त्या कोरड्या मुलखातल्या बायकांनी ते पाट्यावर वाटलं, असं सांगतात. आता तीच खसखस इतकी महाग झालीय की पाहुण्याला पोस्तो मागवणं हा मोठा मान. आईने नाही म्हटलं नाही. शेवटी टोमॅटो-खजूर-आंबापोळीची गोड चटणी आणि पापड आला. वाढप्याने आमच्यातलं कुणी काय काय खाल्लं ते काही न लिहिता गल्ल्याकडे ओरडून सांगितलं आणि त्यात आजोबांनी मागवलेला पोस्तो बरोबर त्यांच्या हिशेबात गेला.

बाहेर पडलो तेव्हा पुन्हा पाऊस. आडोशाला उभं राहून मी आईला त्या रस्त्याच्या राणीची गोष्ट सांगितली. राणी रासमणीचा वाडा याच जानबाजारात, अजून आहे. १७९३ चा जन्म, साध्या माहिष्य घरातली मुलगी. १८३६ साली नवरा गेला आणि तिने सगळी जमीनदारी हातात घेतली. कंपनीने हुगळीत मासेमारी करणाऱ्यांवर कर बसवला. कोळी तिच्या दारी आले. तिने दहा हजार रुपये भरून घुसुडी ते मेटियाब्रुज एवढा नदीचा पट्टाच इजाऱ्याने घेतला आणि त्यावर लोखंडी साखळ्या ताणल्या, असं सांगतात. कंपनीची जहाजं अडली. जाब विचारल्यावर तिने कळवलं की जहाजांच्या येण्या-जाण्याने माझ्या नदीतली मासळी बिथरते. कर मागे घ्यावा लागला.

‘आणि ती स्वतः?’ आईने विचारलं. विधवा होती. तिच्या पानात मासा नव्हता.

आई त्या वाड्याच्या दिशेने बघत म्हणाली, ‘बघ.’ एवढंच.

दक्षिणेश्वर राणीनेच बांधलं. १८५५ साली देवीची प्रतिष्ठा झाली. पण त्याआधी मोठा पेच होता, आणि तोही अन्नाचाच. ती शूद्र, म्हणून तिच्या देवळात शिजवलेल्या भाताचा नैवेद्य दाखवायला ब्राह्मण तयार होईनात. अख्खं देऊळ उभं करणाऱ्या बाईचा भात देवीला चालणार नव्हता. रामकृष्ण परमहंसांचे थोरले भाऊ रामकुमार यांनी तोड काढली, देऊळ एखाद्या ब्राह्मणाच्या नावे दान करा, मग अन्नभोग होईल. तिने ते आपल्या गुरूच्या नावे केलं. आम्ही गेलो तेव्हा पाऊस थांबला होता, नवरत्न शिखरं धुऊन निघाली होती, गंगेला लाल गढूळ पाणी होतं. आईने आयुष्यभर या देवळाला रामकृष्णांचं देऊळ म्हटलं होतं. त्या दिवशी ती बाहेर फुलवाल्याला म्हणाली, ‘रासमणीबाईंच्या देवळात जायचंय, चप्पल कुठे ठेवू?’

तिथल्या भोगात मासाही असतो. आईने तो घेतला नाही, भात घेतला.

नागपूरला आल्यावर तिने शुक्तो करायला घेतलं. त्यात लागणारी रांधुनी, म्हणजे एक बंगाली मसाल्याची बी, इथल्या दुकानात मिळेना. धंतोलीत एक बंगाली काकू राहतात, त्यांचे सासरे बंगाल-नागपूर रेल्वेत नोकरीला होते, त्यांच्याकडून चिमूटभर आणली. सांडगे घरचेच वापरले, शेवगा परसातला. वाटीभर घेऊन ती काकूंकडे गेली. काकूंनी चव घेतली आणि सांगितलं, दूध लवकर घातलंत, कारलं वेगळं तळून घ्यायला हवं होतं, आणि मोहरी वाटताना हिरवी मिरची घातली नाहीत म्हणून ती कडवट झालीय. आईचं म्हणणं, जानबाजारात असंच होतं. काकूंचं म्हणणं, हॉटेलातलं कशाला सांगता, माझ्या सासूबाईंच्या हातचं खायला हवं होतं तुम्ही. दोघींचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही, आणि येत्या रविवारी काकू आमच्या ओट्याशी उभ्या राहून ते करून दाखवणार आहेत.